सल्ला हवा आहे: ब्रिटनमध्ये रानातलं, निसर्ग संवर्धनाचं काम कुठे शोधायचं?

रानजाई (फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची. शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग दोन वर्षं एका प्रकल्पावर सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींची मोजदाद केली. कास, चाळकेवाडी, भर पावसात छत्री सावरत चौकट टाकायची आणि आतली रोपं मोजायची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे मागच्या जूनमध्ये शेफिल्डला आले. डिपेंडंट व्हिसा आहे, त्यामुळे काम करायला आडकाठी नाही. पीक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान बसच्या अंतरावर, आणि मी घरात बसून खिडकीतून पाऊस बघतेय.

मोठ्या नोकरीच्या साइटवर 'कॉन्झर्वेशन' शोधलं की संग्रहालयातली जुनी तैलचित्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या जागा येतात. त्याखाली घराला काचेची खोली, म्हणजे कॉन्झर्व्हेटरी, जोडून देणाऱ्या कंपन्यांचे सेल्समन. 'रेंजर' शोधलं तर त्या नावाची पिकअप गाडी विकणारे! तरी 14 अर्ज केले. 11 जणांनी उत्तरच दिलं नाही, तिघांनी 'या देशातला अनुभव नाही' असं गोड भाषेत कळवलं.

या कामांच्या जाहिराती नेमक्या येतात कुठे? आणि इथला अनुभव नसताना तो मिळवायचा कसा?

टेकडीवाला

रानजाई, मी इकडे 1989 पासून. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, प्लॅनिंग खात्यात होतो, आता निवृत्त. आमच्याच मजल्यावर कंट्रीसाइड विभाग बसायचा, त्यामुळे हा तमाशा जवळून पाहिलाय.

तुला हवंय त्याचं नाव कंट्रीसाइड जॉब्स सर्व्हिस. सगळे सीजेएस म्हणतात. 1994 साली सुरू झाली, फक्त रेंजर, वॉर्डन, इकॉलॉजिस्ट, पायवाटा सांभाळणारे अशा लोकांसाठी. त्याआधी या जागा शोधणं म्हणजे वैताग होता. गार्डियन या वर्तमानपत्राचा बुधवारचा अंक चाळायचा, संशोधनाच्या जागांसाठी न्यू सायंटिस्ट बघायचा, आणि उरलेल्या जाहिराती कुठल्यातरी जिल्ह्याच्या पेपरात, ज्या त्या जिल्ह्याबाहेर कुणाला दिसायच्याच नाहीत. नोकरी देणारेही विखुरलेले. जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी नॅशनल ट्रस्ट आणि पक्ष्यांवाली आरएसपीबी सोडली तर बाकी लहान लहान ट्रस्ट, कौन्सिलं, दोन माणसांचे प्रकल्प. हे सगळं एका ठिकाणी गोळा करणारं कुणीतरी हवंच होतं. आमच्या चहाच्या खोलीत तो छापील अंक पडलेला असायचा आणि साहेबांच्या समोर कुणी उघडायचा नाही. उघडला म्हणजे हा सोडून चालला!

ती वाढली कशी, याबद्दल माझं एक मत आहे. त्याच 1994 मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिच्यातला एक हिस्सा वारसा जतनाच्या निधीत जाऊ लागला. त्याच वर्षी 1992 च्या रिओ पर्यावरण परिषदेच्या पाठोपाठ सरकारचा जैवविविधता कृती आराखडाही आला. आराखड्याने कामं ठरवली, लॉटरीने पैसे दिले. परिणाम काय, तर 'प्रोजेक्ट ऑफिसर' नावाची नवी जमात जन्माला आली. तीन वर्षांचं अनुदान, तीन वर्षांची नोकरी. मुदत संपत आली की पुन्हा जाहिराती वाचायला लागा. आता सांगा, दर तीन वर्षांनी तीच माणसं गिऱ्हाईक म्हणून परत येणार असतील तर असला धंदा वाढेल नाही तर काय? पुढे 2000 च्या कायद्याने लोकांना डोंगरमाळावर मोकळं हिंडायचा हक्क दिला, त्याची व्यवस्था बघायला आणखी माणसं लागली. 2010 नंतर कौन्सिलांच्या पैशाला कात्री लागली आणि आमच्या मजल्यावरचा तो विभाग एका टेबलावर आला. ते दिवस वाईट होते. छापील अंकाच्या जागी ईमेल आणि वेबसाइट कधी आली ते मात्र मला कळलंही नाही.

शिवाय एन्व्हायरन्मेंटजॉब नावाची साइट आहे, तीही रोज बघ.

रातवा

काकांनी इतिहास सांगितला, मी भाकरीचं सांगते. मी लीड्सला एका सल्लागार कंपनीत इकॉलॉजिस्ट आहे, मूळची चिपळूणची.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या बांधकामांना, आणि एप्रिलपासून लहानांनाही, निसर्गात निदान 10 टक्के भर घालून दाखवणं सक्तीचं झालंय. म्हणजे बिल्डरने कुंपण तोडायच्या आधी कुणीतरी जाऊन तिथे काय उगवतंय ते मोजायचं. तू सड्यावर हेच करत होतीस ना? त्याला इथल्या भाषेत लिही, एवढंच.

आणि सीजेएस उघडलंस की लगेच अर्ज टाकू नकोस. आधी एक महिना नुसत्या जाहिराती वाच. वही घे आणि कोणती गोष्ट किती वेळा मागतात त्याच्या रेघा ओढ. मी हेच केलं होतं. मला वाटत होतं पदवी सगळ्यात वर येईल, वर आलं ड्रायव्हिंग लायसन्स! भारतीय लायसन्सवर इथे 12 महिनेच गाडी चालवता येते, म्हणजे तुझी मुदत जूनला संपणार. परीक्षेची तारीख आजच बघ, लवकर मिळत नाही.

दुसरं, प्रत्येक जागेसोबत 'पर्सन स्पेसिफिकेशन' नावाचा कागद असतो. आवश्यक अमुक, असल्यास उत्तम तमुक. त्यातल्या एकेका ओळीला त्याच क्रमाने, उदाहरण देऊन उत्तर द्यायचं. वाचणारा त्यावरच गुण देतो. आपण भारतातून आलेले लोक 'मला निसर्गाची लहानपणापासून आवड' असं पानभर लिहितो, त्याला शून्य. 'दोन पावसाळे, अमुक चौकटी, इतक्या प्रजाती ओळखल्या' याला गुण मिळतात. तुझे 14 अर्ज कसे होते ते सांगशील का?

वटवाघळांच्या सर्वेक्षणाला मे ते सप्टेंबर हंगामी माणसं लागतात आणि त्या जाहिराती आत्ताच येतात. अनुभव नसला तरी घेतात, शिकवतात. घरी यायला मध्यरात्र होते एवढं लक्षात ठेव.

रानजाई

रातवाताई, लाज वाटतेय, पण 14 पैकी 14 अर्जांत लहानपणापासूनची आवड होती. 🙈

घाटवळण

उत्साहावर विरजण घालतोय, पण रेंजरचा पगार बघून घ्या. आणि विद्यार्थी व्हिसावरच्या कुणी हा धागा वाचून स्वप्नं रंगवू नयेत. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार जुलै 2025 पासून 41,700 पौंड आहे. रेंजरच्या बहुतेक जागा त्याच्या बऱ्याच खाली असतात. रानजाईला व्हिसाची अडचण नाही म्हणून तिचं जमेल.

शिवाय 'आधी स्वयंसेवक व्हा' हा प्रकार मला पटत नाही. शिकलेल्या माणसाला फुकट राबवून घ्यायचं आणि त्याला अनुभव म्हणायचं.

टेकडीवाला

घाटवळण, अर्धं बरोबर. सहा महिने पूर्ण वेळ बिनपगारी 'इंटर्नशिप' कुणी देत असेल तर सरळ नाही म्हणावं. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच ते परवडतं, आणि मग सगळं क्षेत्र तसल्याच घरांतल्या मुलांनी भरतं. पण आठवड्यातून एक दिवस गटाबरोबर जाणं वेगळं. त्याची इथे जुनी रीत आहे. 1959 मध्ये सरेतल्या बॉक्स हिलवर काही तरुण झुडपं तोडायला गेले, त्यातूनच आजची कॉन्झर्वेशन व्हॉलंटिअर्स ही संस्था उभी राहिली. अशा दिवसांत दगडी गडगा रचणं, कुंपणाची झाडं अर्धी कापून आडवी विणणं असलं काम हाताला लागतं. काही ठिकाणी करवत चालवायचं प्रमाणपत्रही करून देतात. आणि मुख्य म्हणजे या देशातला एक रेफरन्स, म्हणजे तुझ्या कामाची ग्वाही देणारा माणूस, मिळतो. तुझे ते तीन नकार त्यासाठीच होते.

नाशिककर_नितीन

अवांतर: आपल्याकडे असं काही आहे का? वनरक्षक भरतीच्या जाहिराती तेवढ्या कळतात.

रातवा

नितीन, एकाच ठिकाणी सगळं मिळत नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आपापल्या साइटवर प्रकल्पाच्या जागा टाकतात, बाकी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. वेगळा धागा काढ, इथे हरवेल.

रानजाई (जूनअखेर)

धागा वर आणतेय, कारण तुम्हाला हिशोब द्यायचा आहे.

महिनाभर वहीत रेघा ओढल्या. 60 जाहिराती. लायसन्स 47 वेळा, प्रथमोपचार 31 वेळा, 'स्वयंसेवकांबरोबर काम केल्याचा अनुभव' 38 वेळा. हा शेवटचा आकडा बघून मंगळवारच्या एका गटात नाव घातलं. लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास, पुढची तारीख ऑगस्टची. तोवर नवरा सोडायला येतो आणि गाडीत बसून पेंगतो.

वटवाघळांचं हंगामी काम मिळालं! अर्जात आवडीचा 'आ' सुद्धा नव्हता. एका पडक्या कोठारासमोर घडीची खुर्ची टाकून बसायचं, सूर्यास्ताच्या आधी पाव तास ते नंतर दीड-दोन तास. इथे आत्ता सूर्य साडेनऊनंतर मावळतो. वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकवणाऱ्या डिटेक्टरवर 45 किलोहर्ट्झला टपटप आवाज आला की साधं पिपिस्ट्रेल जातीचं वटवाघूळ, 55 ला आला की त्याचं भावंड. पहिल्या रात्री मी उडालेल्या प्रत्येक पाकोळीलाही वटवाघूळ म्हणून लिहिलं होतं.

आणि एक गंमत. मंगळवारच्या गटात माझं पहिलं काम काय, तर ओढ्याकाठचा हिमालयन बाल्सम उपटणं. 1839 मध्ये बागेसाठी आणलेलं झाड, आता नद्यांच्या काठांवर माजलंय. बी धरायच्या आत मुळासकट काढायचं. पहिलं रोप हातात घेतलं आणि थांबलेच. तेरडा! कासवर ज्याच्या कुळातलं एक फूल तुडवलं जाऊ नये म्हणून आम्ही पर्यटकांवर ओरडायचो, तेच कूळ इथे पोत्यात भरतेय. गटप्रमुख आजोबांनी विचारलं, ओळखता का हे? म्हटलं, नात्यातलं आहे.

आता पुढचा प्रश्न. ओढ्यात उभं राहून काम करायला बूट कुठले घ्यावेत? गमबूट घातले तर तास दोन तासांत पाय गारठतात.

घाटवळण

अभिनंदन! तेरड्याचा रंग तीन दिवस आणि प्रकल्पाची नोकरी तीन वर्षं, तेवढं विसरू नका. बुटांचं म्हणाल तर निओप्रीनचं अस्तर असलेले गमबूट घ्या, आणि एक नंबर मोठे. आत लोकरीचे मोजे मावले पाहिजेत.