मदत हवी आहे: एकाच खोलीत दोघं शिकवतो, पण पोरं नवीन मॅडमना गिनतीतच धरत नाहीत

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, या गावात 12वं वर्ष. शाळा द्विशिक्षकी, पट 43 (कायद्याने 60 पर्यंत दोनच शिक्षक), आणि एक खोली गळतेय म्हणून पहिली ते चौथी सगळी एकाच खोलीत, निम्मी माझ्याकडे तोंड करून, निम्मी मॅडमकडे. मॅडम पवित्र पोर्टलवरून (सरकारी शिक्षकभरतीतून) आलेल्या शिक्षणसेवक, लातूरकडच्या. खूप मेहनती. चौथीला भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले, मी माझा वर्ग सोडून बघत बसलो.

पोरं दंगा करतात असं नाही. पण मॅडम म्हणाल्या वही काढा की आधी माझ्याकडे बघतात, पाणी प्यायला जायचं तरी त्यांच्या समोरून उठून माझ्याकडे येतात. त्यात मॅडमना अहिराणी येत नाही हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. "मॅडमले काही समजत नही" असं त्यांच्या तोंडावर बोलतात आणि खाली मान घालून हसतात, मॅडमपण कसनुसं हसतात, ते मला बघवत नाही. गावातही पारावर तेच, त्या सेवक आहेत, 3 वर्षं 16 हजारावर, पक्क्या नाहीत. पोरं घरून हेच ऐकून येतात. एक पालक तर म्हणे छडी द्या त्यांच्या हातात. ते होणे नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मला पटलं नसतं.

परवा तिसरीतली एक पोरगी मॅडमनी तपासलेली गणिताची वही घेऊन आली, "सर, तुमचीबी सही द्या ना". लाल पेनाने मॅडमची सही होती, खाली तारीख, आणि मी सवयीने तिच्याखाली माझी ठोकून दिली. वर बघितलं तर मॅडम आमच्याकडेच बघत होत्या. रात्री झोप लागली नाही. मग एकेक आठवत गेलं, त्या शिकवत असताना "थांबा मॅडम, मी सांगतो" म्हणणारा मीच, त्यांच्या बाजूला गलका झाला की इकडून ओरडणारा मीच, केंद्रप्रमुख आले तरी सगळं बोलणारा मीच.

त्यांच्याशी बोलायचंय पण अजून दुखावतील का, कसं बोलू? आणि पोरांची सवय कशी मोडायची? असा वर्ग चालवलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

सर, मी त्या मॅडमच्या जागी होते. चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावर, पोरं पावरी बोलायची, मला एक शब्द कळेना. आमचे गुरुजी रोज परिपाठात पोरांना मला 3 शब्द शिकवायला लावायचे, मी फळ्यावर लिहायचे, चुकलं की पोरं येऊन पुसायची. दोन आठवड्यांत स्वतःहून शब्द घेऊन यायला लागली. हजेरी, खिचडीची चव बघणं, पाण्याची सुट्टी, सगळं माझ्याकडे दिलं. गुरुजींकडे कोणी गेलं की एकच उत्तर, "मॅडमना विचार". माझ्या बाजूचा खडू घ्यायचा तरी पोरांसमोर मला विचारून घ्यायचे. गलका झाला तरी तोंड उघडायचे नाहीत, पहिले काही दिवस वर्ग डोक्यावर घेतला होता पोरांनी, तरी नाही. आणि सर, मॅडमशी उद्याच बोला. बाकीचं राहू द्या, फक्त त्या वहीवरच्या सहीचं बोला.