क्लाऊन लोचवर पांढरे ठिपके: निळं औषध, मीठ की हीटर?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकला आमची माशांची दोन फुटी टाकी आहे, रुंदी-उंची एकेक फूट. तीत काळ्या मॉली, निऑन टेट्रा, दोन क्लाऊन लोच आणि एक पिवळी गोगलगाय. रविवारी आणखी थोडे निऑन आणले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग सोडले, दुकानात सांगतात तसंच.

आता दोन्ही लोचच्या शेपटीवर आणि परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत. परवा शोधावे लागत होते, आज लांबूनही दिसतात. लोच मध्येच आडवे होऊन खड्यांवर अंग घासतात. एक निऑन फिल्टरच्या धारेखाली थांबून भराभर श्वास घेतोय.

दुकानदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, "इक आहे, व्हाइट स्पॉट," आणि लेबल नसलेली निळी बाटली दिली. दहा थेंब टाका, तीन दिवसांत डाग जातील म्हणे. सासूबाई म्हणतात मीठ टाक. पण घरात आयोडीनचंच मीठ आहे. हीटर ५० वॅटचा आहे, पण सध्याच्या थंडीत पहाटे पाणी २१ अंशांवर येतं. बाटली अजून उघडलेली नाही. काय करू?

ठाण्याची पाणकोंबडी

ताई, घाबरू नका. आमच्याकडे चिमूटभर हळद टाकतो, तीन-चार दिवसांत डाग गायब. केमिकलच्या नादी लागू नका.

टाकीवाले काका, कोल्हापूर

ताई, बाटली उघडली नाहीत हे झकास केलंत. बसा, जरा सविस्तर सांगतो.

पाणकोंबडी, तुमच्या हळदीने डाग गेले नाहीत हो. ते आपसूक गेले. काहीच नसतं टाकलं तरी गेले असते! या रोगाची मेख तिथेच आहे.

माशावर दिसतो तो प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली शिरलेला एक परजीवी. इकथायोफ्थिरियस त्याचं नाव, एकपेशी जीव. तो तिथे माशाला खाऊन फुगतो. कातडीखाली असतो तोवर पाण्यातलं औषध, मीठ, हळद, काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो स्वतःच माशावरून सुटतो, तळाशी खड्यांना किंवा झाडांना चिकटतो, भोवती आवरण करतो आणि आत विभागत जातो. एकाचे शेकडो होतात. मग आवरण फुटतं आणि ती पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. आपला वार चालतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर.

म्हणजे डाग गेले की दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश, आणि खाली खड्यांत शेकड्यांनी पुढची फौज तयार. आठवड्याने मासे पांढरेफटक होतात, मग लोक म्हणतात औषध बोगस होतं. औषध बोगस नसतं, बंद करायची वेळ चुकते. आपण माशाला औषध देत नाही, पाण्याला देतो, एवढं धरून चाला.

आता तुमची टाकी. लोचला खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे औषधं त्यांना लवकर बाधतात. आणि इक पहिला धरतो तोही त्यांनाच. बिनलेबलची निळी बाटली बहुतेक मिथिलिन ब्लू असणार. ते अंड्यांवरच्या बुरशीला ठीक आहे, पण इकवर मवाळ पडतं. शिवाय फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो, आणि टाकीचा सिलिकॉन कायमचा निळा होतो तो वेगळाच. ठेवून द्या.

मी तुमच्या जागी असतो तर उष्णता वापरली असती. ३० अंशांवर बहुतेक इकची वाढ थांबते. लोच ३० ला मजेत राहतो, मॉलीही. निऑनला आवडत नाही, पण पंधरा दिवस सोसतो. मात्र अर्ध्यात थांबायचं नाही. २६-२७ वर थांबलात तर परजीवी मरत नाही, उलट त्याचं चक्र जोरात फिरतं. थंड पाण्यात जे आठवडे घेतं, ते तिथे चार-पाच दिवसांत उरकतं. रोज दोन-तीन अंश चढवत ३० गाठा.

तुमच्या ५० वॅटच्या हीटरने हे होणार नाही. नाशिकच्या थंडीत खोलीच १५-१६ असेल तर १०० वॅटचा हवा. त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, काचेचा थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावा. वर काच झाका. मागच्या बाजूला थर्माकोल लावा, २०१८ च्या बंदीआधीच्या मखराचं माळ्यावर पडलेलं चालेल. आणि पाण्यात हात घालण्याआधी हीटरची पिन काढायची, दर वेळी.

एअर पंप चोवीस तास. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. धारेखाली थांबलेल्या तुमच्या निऑनच्या कल्ल्यांतही इक असणार. कल्ल्यांतला आपल्याला दिसत नाही आणि मारतो तोच. त्याला हवा जास्त लागेल.

मीठ सासूबाईंचं बरोबर आहे. आयोडीनची भीती नको, ते इतकं कमी असतं की माशांना काही होत नाही. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता तुमच्या टाकीत ४५ लिटर पाणी धरा. लिटरला एक ग्रॅमने सुरुवात करा, म्हणजे चहाचे सपाट सात-आठ चमचे. अर्धं आज, अर्धं उद्या, वेगळ्या भांड्यात विरघळवून. त्याआधी गोगलगाय बाहेर, तिला मीठ सोसत नाही. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं, त्यामुळे नुसती भर घालताना मीठ नाही. जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच परत घालायचं.

एक दिवसाआड सायफनने, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीने, खड्यांतली घाण उपसा. परजीवीच्या खाली चिकटलेल्या आवरणांच्या गाठींतल्या बऱ्याच तिथेच निघतात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही.

३० वर पाच दिवस होऊनही नवे ठिपके येत राहिले, तर उष्णतेला दाद न देणारा वाण समजा. मग मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मेलिनचं औषध, लोचमुळे निम्म्या मात्रेत, फिल्टरमधला कार्बन काढून, हातमोजे घालून. खाण्याच्या माशांवर ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे, तेव्हा मुलांच्या हाती लागू देऊ नका. औषधं पाण्यातला ऑक्सिजन कमी करतात, म्हणून ते टाकायचं तर पाणी आधी २७ वर आणायचं.

मत्स्यगंधा

काकांनी छानच लिहिलंय. पण मला वेगळंच विचारायचंय. माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला तसेच पांढरे दाणे आलेत, एका ओळीत. बाकी अंगावर एकही नाही, खातोही दणकून. मीही मीठ सुरू करू का?

टाकीवाले काका, कोल्हापूर

मत्स्यगंधा, अजिबात नको. तुमचा मासा नर आहे आणि वयात आलाय! विणीच्या काळात नर गोल्डफिशला नेमके तिथेच दाणे येतात. आपोआप जातील. इकचे ठिपके कुठेही, अस्ताव्यस्त येतात आणि मासा अंग घासतो.

गंगापूररोडकर

काका, खूप आभार. १०० वॅटचा हीटर आणला, पाणी आता ३० वर स्थिर आहे. तो एक निऑन गेला, बाकी ठीक. आणि आज सकाळी लोच स्वच्छ! एकही ठिपका नाही. आता हीटर कमी करून मीठ काढू का? निऑन थोडे मलूल वाटतात. गोगलगाय बरणीत आहे, तिला कधी आणू? आमच्याकडे शनिवारी वीज जाते, तेव्हा काय करायचं?

टाकीवाले काका, कोल्हापूर

नको नको! आत्ताच तर खरी वेळ आलीय. ते ठिपके खाली उतरलेत. पिल्लं बाहेर पडतील तेव्हा पाणी ३० वर आणि खारट हवं. शेवटचा ठिपका दिसला त्या दिवसापासून पुढे दहा दिवस काहीही बदलायचं नाही, सायफनसुद्धा चालू ठेवायचा. मग रोज एक-दोन अंशांनी २५ पर्यंत उतरवा आणि पाणी बदलत मीठ कमी करा. निऑन मलूल असतील तर एअर पंपच्या नळीच्या टोकाचा हवेचा दगड त्यांच्या कोपऱ्यात सरकवा आणि खाणं निम्मं करा. गरम पाण्यात उरलेलं अन्न लवकर कुजतं.

गोगलगायीला इक होत नाही, पण शंखावर गाठ चिकटून येऊ शकते. बरणीत मासा नाही, तेव्हा तिथली पिल्लं उपाशी मरतील. बरणीचं पाणी थंड आहे म्हणून तिला तीन आठवडे तिथेच ठेवा. टाकीतली जाळी बरणीत बुडवू नका, वापरल्यावर उन्हात कडकडीत वाळवा.

शनिवारी टाकीभोवती जाड चादर गुंडाळा आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. दोन-तीन तासांत पाणी फार उतरत नाही. वीज आल्यावर हीटर बुडालेला आहे ना ते बघून मगच बटण लावा.

पुढचे मासे आणाल तेव्हा आधी बादलीत किंवा जुन्या टाकीत दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, एक स्पंज फिल्टर पुरतो. पिशवी तरंगवून फक्त तापमान जुळतं, परजीवी पिशवीतून थेट आत येतो. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण मग तुम्ही त्या रविवारी आठ निऑन घेणार नाही.

आणि जाता जाता, क्लाऊन लोच फूटभर वाढतो आणि त्याला कळप लागतो. दोन फुटी टाकीत तो जन्मभर राहणार नाही. हे दहा दिवस पार पडले की ओळखीत चार-पाच फुटी टाकीवाला कोणी आहे का बघा.