न्यूलँड्सचं श्रेय खरंच कुणी लाटलं का?

गंधकधूर: काल इथे एकाने ठोकून दिलं की मूलद्रव्यांची आवर्तसारणी खरी इंग्रज रसायनज्ञ न्यूलँड्सची, रशियाच्या मेंडेलीव्हने आयतं श्रेय लाटलं. डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने नुसती रांग लावणं म्हणजे नियम नव्हे. आजच्या आकड्यांत लिथियम ७, पोटॅशियम ३९, मधोमध सोडियम २३. असली त्रिकं जर्मन रसायनज्ञ डोबेरायनरने १८२९ मध्येच दाखवली होती. न्यूलँड्सने १८६५ मध्ये काय केलं? संगीतातल्या आठव्या स्वरासारखं दर आठवं मूलद्रव्य गुणांनी जुळलंच पाहिजे, हा त्याचा 'अष्टकांचा नियम', म्हणून कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले, तेही फ्लोरीन-क्लोरीनच्या ओळीत! लोखंड बसवलं ऑक्सिजन-गंधकाच्या पंगतीला. कॅल्शियमपर्यंत ठीक, पुढे सगळा आनंदीआनंद. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी घरं रिकामी ठेवली. १८७५ मध्ये त्यातल्याच एका घरातलं गॅलियम सापडलं, घनता भरली ४.७. हा गडी रशियातून कळवतो, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. आणि आली!

चौथी_सीट: तो 'एक' मीच. नाव घ्यायला लाज वाटते का? १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत न्यूलँड्सला विचारलं, आद्याक्षरांनुसार लावून पाहिलंत का? निबंध छापलासुद्धा नाही. १८८२ चं डेव्ही पदक मेंडेलीव्ह आणि जर्मन रसायनज्ञ लोथर मायरला, याला थेट १८८७ मध्ये. आणि सिलिकॉन-कथिलाच्या मध्ये ७३ च्या आसपासचं एक मूलद्रव्य हरवलंय, हे त्याने १८६४ मध्येच सांगितलं होतं. तेच जर्मेनियम. तुमच्या हिरोच्या पाच वर्षं आधी.

मंद्रसप्तक: मुळात 'अष्टक' हेच चूक. स्वर सात, आठवा तो वरचा सा. आपल्याकडे सप्तकच म्हणतात. तेव्हा मी पेटी शिकत होते, दहावीच्या पेपरात 'सप्तकांचा नियम' लिहिलं. बाईंनी लाल शाईने भोपळा दिला. तीस वर्षं झाली, अजून डाचतंय.

गंधकधूर: ताई, धागा रसायनाचा आहे.

खडूफळा: मी बावीस वर्षं शिकवलंय. लिथियम सा धरला तर सोडियम वरचा सा. दोन्ही मोजले की आठ. बाईंचं काय चुकलं?

मंद्रसप्तक: मग सोडियमपासून पोटॅशियमपर्यंत मोजताना सोडियम पुन्हा कसा धरता? एकच माणूस दोन पंगतींना जेवतो का? तुमच्यासारख्यांमुळेच मुलं विज्ञान सोडतात.

खडूफळा: तुम्ही सोडलंत, त्याला मी जबाबदार?

चौथी_सीट: भांडा, भांडा. १८९४ पासून अरगॉन, मग निऑन वगैरे निष्क्रिय वायूंची मंडळी सापडली, मध्ये निऑन घुसला आणि लिथियमपासून सोडियम नववा झाला. गेलं तुमचं अष्टकही.

गंधकधूर: वा, म्हणजे न्यूलँड्सचा नियम बारगळला हे तुम्हीच कबूल केलंत. आभारी आहे.

चौथी_सीट: आणि तुमच्या मेंडेलीव्हचं? टेल्युरियम आयोडीनच्या आधी बसवलं, वस्तुमान जास्त दिसलं तर म्हणे मोजणाऱ्यांचं चुकलं. चुकलं-बिकलं काही नव्हतं. १२७.६ आणि १२६.९, आजही तेच. वस्तुमानाचा नव्हे, अणुअंकाचा, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येचा, क्रम लागतो हे १९१३ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोसलीने दाखवलं.

गंधकधूर: बरं बाबा, कारण चुकलं. जागा मात्र बरोबर होती. जर्मेनियमचं ते ७३ मला ठाऊक नव्हतं, तेवढं तुमचं. ओवाळू का आता?

मंद्रसप्तक: ओवाळा. पण माझा तो एक मार्क?