मुलांशी दारू आणि नशेबद्दल बोलताना: तुमच्याकडे काय उपयोगी पडतं?

निशिगंध
औषधांचं कपाट आवरताना खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली हाती लागली आणि हा विषय पुन्हा वर आला. कारण पहिलं बोलणं दारूवर नसतंच, ते या कपाटापाशी होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढंच सांगायचं: औषध मोठ्यांच्या हातूनच घ्यायचं, दुसऱ्याचं कधी नाही. आणि गोळी गळी उतरवायला तिला आपण 'चॉकलेट' म्हणायचं नाही. नवव्या-दहाव्या वर्षी दारू, तंबाखू, व्हेप अशी नावं घेऊन बोलायचं. एका बैठकीत उरकायला जाऊ नका. पाच मिनिटं पुरतात, गाडीत शेजारी बसून किंवा भांडी पुसता पुसता. नजरेला नजर नसली की मुलं मोकळी होतात. तुम्ही काय सांगता, नेमकं लिहा.

कवडसा
'दारू वाईट' एवढ्यावर चौदा वर्षांचं मूल गप्प बसत नाही. आकडे द्या. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल. ४० टक्क्यांची ३० मिलिलिटर व्हिस्की म्हणजे साडेनऊ. 'बिअरच तर आहे' तिथेच संपतं. मोठ्या माणसाचं यकृत तासाला आठ-दहा ग्रॅमच निपटतं, कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने वेग वाढत नाही. सुरक्षित असं प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय.

चांदणचुरा
+१. कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. नकाराची वाक्यं तोंडात बसवून घ्या. "नको, सकाळी मॅच आहे." "माझ्या गोळ्या चालू आहेत." नुसतं 'नाही म्हण' सांगितलं की ऐन वेळी शब्द फुटत नाही. तुम्ही मित्र व्हा आणि तीनदा आग्रह करा. मुलं तिसऱ्या वेळी अडखळतात, खरा सराव तिथे लागतो.

मुसाफिर
खुणेचं एक अक्षर ठरवा. मुलाने नुसतं 'क' पाठवलं की लगेच फोन करून चढ्या आवाजात म्हणायचं, "आत्ताच्या आत्ता निघ, न्यायला येतोय." मित्रांसमोर खापर आईबापावर फुटतं, मूल सुटतं. परतताना गाडीत एकही प्रश्न नाही. हे एकदा मोडलंत तर तो 'क' पुन्हा येणार नाही.

पानगळ
@मुसाफिर, मग शिक्षाही नाही?

मुसाफिर
बोलावल्याबद्दल नाही. प्यायल्याबद्दल जे आधी ठरलंय ते दुसऱ्या दिवशी, उतरल्यावर. त्या रात्री सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

रातराणी
मुलांना मित्रासाठीही तयार करा. "झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात घातक वाक्य. शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते, त्यामुळे झोपलेला अजून खालावू शकतो. हलवून उठत नाही, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, अंग गार: यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवायची. तोवर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, डोकं जरा मागे, तोंड जमिनीकडे. उलटी झालीच तर बाहेर पडते, श्वासनलिकेत जात नाही. घरी चटई टाकून मुलांकडून करून घ्या. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र गेली असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

तळटीप
गोंद, थिनर, स्प्रे यांवर कुणीच लिहिलं नाही. हे घरातच असतं. नशेसाठी याची वाफ हुंगली की हृदय अ‍ॅड्रेनलिनला (घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाला) अतिसंवेदनशील होतं. त्या क्षणी मूल दचकलं किंवा पळालं तर ठोके बिघडून हृदय जागीच थांबू शकतं, अगदी पहिल्या वेळीही. म्हणून हुंगताना दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. खिडक्या उघडा, हळू बोलत खाली बसवा. रागवायला पुढे वेळ आहे.

कवडसा
@तळटीप, हे प्रत्येक घरात माहीत हवं. निशिगंध, वर धाग्यातच टाका ना.

पानगळ
आणि लघवी तपासायचं किट आणून ठेवावं का?

रातराणी
नको. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो आणि तळटीप म्हणतात ती वाफ त्यात दिसतच नाही. शंका असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि मुलाला त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या.

चांदणचुरा
निशिगंध, त्या बाटलीचं काय केलंत?

निशिगंध
औषधवाले परत घेत असतील तर तिथे देणार. नाहीतर मातीत कालवून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात. बाकीच्या गोळ्या मोजून ठेवल्या, आकडा पाकिटावरच लिहिलाय.

चांदणचुरा
मोजायची कल्पना छान. आज करते.