मदत हवी आहे: मेटफॉर्मिन एसआर ५०० मिलिग्रॅम, टोपी सुटतेय

लातूरला कॉलेजच्या लॅबमध्ये मेटफॉर्मिन एसआर (मधुमेहाचं, शरीरात हळूहळू सुटणारं औषध) गोळ्यांची बॅच चालू आहे. एका गोळीत मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५००, एचपीएमसी के१००एम (औषध हळू सोडणारा पॉलिमर) १९०, पीव्हीपी के३० (बाइंडर) ४५, एरोसिल (पावडर मोकळी वाहावी म्हणून) ७.५ आणि मॅग्नेशियम स्टिअरेट (पंचाला चिकटू नये म्हणून) ७.५ मिलिग्रॅम, एकूण ७५०. बाइंडर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) विरघळवलाय, मशीन १० स्टेशनचं रोटरी.

गोळी डायमधून निघताना ठणठणीत वाटते. पण १० गोळ्या फ्रायबिलेटरमध्ये (गोळ्यांची झीज तपासणारा फिरता ड्रम) १०० फेरे फिरवल्या की दोन-तीन गोळ्यांची वरची टोपी अख्खी निघून येते, खालचा तुकडा गुळगुळीत. त्यामुळे १ टक्का वजन-घटीच्या मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

पंच-डाय तपासले, प्रेशर आणि स्पीड दोन्ही कमी केले, ६० मेशखालचा बारीक चुरा काढून टाकला, स्टिअरेटचं मिक्सिंग ५ मिनिटांवरून २ वर आणलं. फरक नाही.

माझा संशय ओलाव्यावर आहे. ट्रे ड्रायरमधून ग्रॅन्युल्स निघतात तेव्हा एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन, म्हणजे उरलेला ओलावा) ०.६ टक्के, आणि इथली मे महिन्यातली हवा उरलासुरला ओलावाही ओढून घेते. एक लॉट मुद्दाम २.४ वर थांबवला. टोपी सुटली नाही, पण पंचाला पावडर चिकटली, गोळीवर खड्डे पडले.

एचपीएमसीचं प्रमाण बदलता येत नाही, डिसोल्यूशन (औषध विरघळण्याचा वेग) त्यावरच बसलंय. प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) आणि रोलर कॉम्पॅक्टर (पावडर कोरडीच दाबून ग्रॅन्युल्स करणारं मशीन) नाहीत. गोळीचं वजन फार तर ७८० पर्यंत नेता येईल.

मेटफॉर्मिनवर हाताने काम केलेल्यांनी सांगावं: वाळवणं नेमकं किती एलओडीला थांबवता? आणि आयपीएमध्ये थोडं पाणी मिसळावं, की बाहेरून ३० मिलिग्रॅम एमसीसी पीएच१०२ (दाबल्यावर घट्ट बसणारी सेल्युलोज पावडर) घालावं, आधी काय करून बघू?