मदत हवी आहे: गावचं रेशन कार्ड कळव्यात चालतं का?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे कामाला येते तिच्यासाठी विचारतेय. कळव्याला नाल्याला लागून खोली, परवाच्या पावसात गुडघाभर पाणी शिरलं नि तांदळाचा डबा भिजला, तर तिने ते तांदूळ आमच्या गॅलरीत चादरीवर पसरून वाळवले, वास येत होता हो, पण टाकवेना तिला. पाचवा महिना चालूये. जेवलीस का विचारलं की म्हणते चहा-चपाती झाली, पोरांचं नि ह्यांचं झालं की उरलं तर माझं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पण तेच, माणशी ५ किलो जादा धान्य फुकट होतं पण कार्ड सासूकडे जालन्याला, इथे काय उपयोग.

आता वन नेशन वन रेशन कार्डमुळे आधार नि अंगठ्यावर कुठल्याही रेशन दुकानात आपल्या वाट्याचं धान्य मिळतं ना? इथला एक दुकानदार सरळ "गावी जा" म्हणतो. दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड ठाण्यात कोणी चालवलंय का? हिने इथे हिच्यापुरतं उचललं तर सासूला तिथे बाकीचं मिळेल ना, याचीच भीती जास्त आहे, नाहीतर घरात महाभारत. आणि अंगणवाडीत गरोदर बाईला आहार मिळतो त्याला इथल्या पत्त्याचा पुरावा मागतात का, भाडेकरार नाहीये तिच्याकडे. स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा प्लीज, फॉरवर्ड नकोत.