बॉसपायी नोकरी सोडावी का? तुमचे अनुभव

काल माळा आवरताना जुन्या ऑफिसचं आयकार्ड सापडलं आणि पोटात तोच गोळा आला. हिंजवडी, २०१४. कंपनीची बस पावणेसातला सुटायची आणि साहेब साडेसहाला टेबलाशी येऊन म्हणायचे, "हे आजच हवंय." बस गेली की वाकडपर्यंत मिळेल ते वाहन. सोडायचं मनात आलं तेव्हा चार वर्षं चार महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला, म्हणजे सोडताना कंपनी देते त्या रकमेला, पाच वर्षं लागायची. बेसिक ३२ हजार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पाच, म्हणजे साधारण ९२ हजार. त्यासाठी आठ महिने काढले. ते पैसे कशात गेले आठवत नाही. पाळणाघरात शेवटी एकटी उरलेली, चपला घालून दाराशी बसलेली लेक आठवते. तुम्ही कसं ठरवलंत?

रानवारा
मी नाही थांबले. हातात दुसरं काही नसताना राजीनामा टाकला. साहेबांपेक्षा घरी सांगायचीच भीती जास्त. सासूबाईंनी विचारलं, "हप्ता किती आहे?" सांगितला. "माझ्या पेन्शनीत बसतो. आधी नीट झोप." आत्ता लिहितानाही डोळे भरले.

चाकणवाला
मी सोडली नाही. साहेबांनी सगळ्या लाइनसमोर आईवरून शिवी दिली होती. एचआरकडे लेखी तक्रार दिली, शिफ्ट बदलून मागितली. वर्षभरात तेच गेले. तळेगाव चौकातली ट्रॅफिक मात्र आहे तिथेच.

मोगरा
तळेगाव चौक!! आमचे हे रोज तिथूनच फोन करतात, भात लाव आता म्हणून.

चिऊताई
पोळ्या चालू आहेत, घाईत लिहितेय. सोडलीत तरी पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत वळवा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं मोजतात. मी रागाच्या भरात सातव्या वर्षी सगळा काढला, मोजणी परत शून्यापासून.

निनावी_सध्या
राजीनाम्याचा मेल तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडलाय. रविवारी दुपारपासूनच छातीत धडधडतं. नव्वद दिवसांची नोटीस कशी काढू?

रानवारा
माझ्याशी ते नव्वद दिवस साहेब बोललेच नाहीत गं. कित्येक महिन्यांनी डबा चवीनं खाल्ला. धडधडीचं मात्र डॉक्टरांना दाखव आधी.

धागाकर्ती
निनावी, पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र आजच घरच्या मेलवर घेऊन ठेव, नंतर लॉगिन बंद होतं. आणि व्यनि (खाजगी निरोप) कर. साडेनऊनंतर मी मोकळी असते.